घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता

रविवारी पहाटे वाकोल्याच्या पुलाखालून हेल्मेट घातलेले सायकलस्वार बीकेसीच्या रिकाम्या रस्त्यांकडे जाताना आपण पाहिले असतील. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी युरोपातल्या मोठ्या सायकल शर्यती हौसेने पाहिल्या जातात. घरातलं दुसरं कुणी शेजारी येऊन बसलं, की थोड्याच वेळात प्रश्न येतो: हे सगळे तासन् तास एकत्रच चाललेत, मग यात शर्यत कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने जाऊ.

आधी एक फरक. टूर द फ्रान्स ही टप्प्यांची शर्यत आहे. तीन आठवडे जवळजवळ रोज पळायचं आणि रोजच्या वेळेची बेरीज करायची. एकदिवसीय शर्यतीत बेरीज नसते. सकाळी निघायचं, संध्याकाळच्या आत पोहोचायचं, आणि जो पहिला रेषा ओलांडेल तो विजेता. दुसरा एका सेकंदाने मागे राहिला काय किंवा पाच मिनिटांनी, तो दुसराच. हा नियम साधा दिसतो, पण पुढचे सगळे डावपेच त्यातूनच निघतात.

युसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना शर्यतींना आकड्यांची ओळख देते. आकडा १ ने सुरू झाला तर शर्यत एका दिवसाची, २ ने सुरू झाला तर टप्प्यांची. टिंबानंतरचा भाग दर्जा सांगतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेली पुणे ग्रँड टूर २.२ दर्जाची होती, म्हणजे टप्प्यांची. यापुढे वर्तमानपत्रात असा आकडा दिसला, की पहिल्या अंकावरून निम्मी माहिती आपल्याला मिळालेली असेल.

मुंबईच्या रस्त्यांनाही हा खेळ नवा नाही. २०१० मध्ये इथे मुंबई सायक्लोथॉन झाली आणि २०११ मध्ये टूर द मुंबई. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेचा रॉबर्ट हंटर आणि इटलीचा एलिया विव्हियानी यांच्यासारखे व्यावसायिक सायकलपटू मुंबईत येऊन पळाले. टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणारा हंटर हा पहिला दक्षिण आफ्रिकन. विव्हियानीने पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सुवर्णपदक मिळवलं.

पण आपल्या मराठी मनात सायकल शर्यत म्हटली की पहिलं नाव येतं ते मुंबई–पुणे शर्यतीचं. तिथे येणारे स्पर्धक युरोपातल्या अर्थाने पगारी व्यावसायिक नसतात, पण शर्यतीचा सांगाडा तोच असतो. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो. कमलाकर झेंडे यांचं नाव या मानाशी इतकं जोडलं गेलं आहे, की सायकलीशी संबंध नसलेली जुनी माणसंही ते सांगतात. घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असेल असं मात्र नाही. ते का, हे समजलं की एकदिवसीय शर्यत समजली असं मी म्हणेन.

तेव्हा एक व्यावसायिक शर्यत वाकोल्याहून निघून पुण्याला जाते आहे, असं मनाशी धरू. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता, मग चेंबूर, वाशीचा खाडीपूल, पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा आणि पुणे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई असल्याने रस्ता जुन्या महामार्गाचा. युरोपातल्या मोठ्या शर्यतींच्या मानाने हे अंतर कमीच म्हणायचं. इटलीतली मिलान–सान रेमो शर्यत २९० किलोमीटरच्या घरात जाते.

सुरुवातीच्या रेषेवर उभे असतात संघ. सर्वोच्च पातळीवरच्या एकदिवसीय शर्यतीत एका संघाचे सात जण असतात. पंचवीस संघ आले तर १७५ सायकलस्वार झाले. नवख्या प्रेक्षकाची पहिली चूक इथेच होते: तो १७५ स्पर्धक पाहतो. खरं तर जिंकण्यासाठी आलेले पंधरा-वीसच असतात. बाकीचे त्यांना जिंकवण्यासाठी आलेले असतात, आणि त्यांना पगार त्याचाच मिळतो. अशा साथीदाराला ‘डोमेस्टिक’ म्हणतात. त्याने पाणी आणायचं, वारा अडवायचा, वेळ पडली तर स्वतःची सायकल किंवा चाक काढून द्यायचं. त्याचा निकाल १२० वा लागला तरी संघाच्या दृष्टीने त्याचा दिवस उत्तम गेलेला असू शकतो.

निघण्याआधी सायकलींची तपासणी होते. सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. चौकटीत लपवलेली मोटर नाही ना, हेही पाहतात. ही शंका कल्पनेतली नाही. २०१६ च्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत बेल्जियमच्या एका तरुण महिला स्पर्धकाच्या सायकलीत मोटर सापडली होती आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली.

झेंडा पडला तरी लगेच शर्यत सुरू होत नाही. पहिले काही किलोमीटर सगळे पंचांच्या गाडीमागून संथपणे चालतात. याला न्यूट्रल भाग म्हणतात, म्हणजे ज्यात कुणी पुढे जायचं नाही असा. आपल्या मार्गावर वाकोल्याची गर्दीची वळणं आणि जोडरस्ता या भागात संपेल. मग पंच गाडीच्या छतातून बाहेर येऊन झेंडा हलवतो. तो शून्य किलोमीटर.

आणि तिथून लगेच धुमश्चक्री सुरू होते. चार-सहा जण जीव तोडून पुढे निसटायला बघतात, मागचे त्यांना पकडतात, मग दुसरे निसटतात. हे कधी दहा मिनिटं चालतं, कधी तासभर. शेवटी असा एक गट सुटतो की ज्यात कुणाला धोका वाटावा असं नाव नसतं, आणि मागचे त्याला जाऊ देतात. या निसटलेल्या गटाला ब्रेकअवे म्हणतात आणि मागे राहिलेल्या मोठ्या घोळक्याला पेलोटॉन.

‘जाऊ देतात’ हे ऐकून आपल्याला खटकेल. शर्यतीत पुढच्याला जाऊ कसं देतात? याचं उत्तर वाऱ्यात आहे.

सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढे कुणी असेल तर ती हवा त्याने आधीच कापलेली असते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या बेर्ट ब्लोकेन या संशोधकाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या माणसाला हवेचा विरोध एकट्या माणसाच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के जाणवतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे पुढचे पाच जण घाम गाळत असताना मागे शंभर जण त्याच वेगाने, पण फार कमी कष्टात चाललेले असतात. पुढच्यांना पाच मिनिटांची आघाडी दिली तरी चालते, कारण शेवटच्या तासात घोळका ताज्या पायांनी वेग वाढवून ती खाऊन टाकतो.

तरीही दरवेळी हिशेब जमतोच असं नाही. टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत आठवा, जुलै २०२१ मधली. ऑस्ट्रियाची आना कीजेनहोफर ही गणितातली संशोधक, तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली. ती शून्य किलोमीटरलाच निसटली. ऑलिंपिकमध्ये संघाच्या गाडीतून कानात सूचना देणारा रेडिओ चालत नाही. मागच्यांनी तिच्याबरोबर निसटलेल्या, पण मागे पडलेल्या दोघींना पकडलं आणि आता पुढे कुणी नाही असं धरून चालल्या. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लॉइटन रेषेवर हात उंचावून आली. तिला वाटलं सोनं मिळालं. कीजेनहोफर मिनिटभर आधीच पोहोचली होती.

पुरुषांमध्येही असं घडतं. खडबडीत दगडी रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅरिस–रूबे शर्यतीत २०१६ मध्ये मॅथ्यू हेमन हा ऑस्ट्रेलियन सकाळच्या निसटलेल्या गटात होता. वय ३७, आयुष्यभर साथीदाराचं काम केलेला, पाच-सहा आठवड्यांपूर्वी हात मोडलेला. तोच जिंकला. म्हणून पडद्यावर पुढचा गट ‘नुसता दिखाव्याला’ गेलाय असं कुणी म्हणालं, तर आपण तेवढ्यावर विसंबू नये.

आता आपली शर्यत वाशीच्या खाडीपुलावर आली आहे. वारा समोरून असेल तर काही घडत नाही. तो बाजूने आला, तर क्षणात सगळं बदलतं. आडव्या वाऱ्यात आडोसा थेट पाठीमागे नसतो, तिरका असतो, त्यामुळे सायकलस्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरपी रांग करतात. या रांगेला इशेलॉन म्हणतात. रस्त्याची रुंदी संपली की रांगेत जागा संपली. सोळाव्या-सतराव्या माणसाला आडोसा मिळत नाही, तो कडेला एकटा वारा खातो, त्याच्या पुढे फट पडते आणि घोळक्याचे दोन तुकडे होतात. बेल्जियम आणि हॉलंडच्या उघड्या माळांवर अशा वाऱ्याने कित्येक मातब्बरांचे दिवस चढ येण्याआधीच संपलेत.

पनवेलच्या पुढे खाण्याची वेळ येते. ठरलेल्या जागी संघाचे मदतनीस हात लांब करून कापडी पिशव्या धरतात. चालत्या सायकलवरून पिशवी हिसकायची, गळ्यात अडकवायची, खाऊ खिशात भरायचा. व्यावसायिक सायकलपटू तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतात: भाताच्या वड्या, साखरेचं पाणी, जेल म्हणजे गोड चिकट पाकाची पुडी. हौशी माणूस हमखास चुकतो तो इथे. भूक लागल्यावर खाऊ, असं तो म्हणतो. भूक लागेपर्यंत स्नायूंतला साठा संपत आलेला असतो, आणि मग खाल्लेलं कामाला येईपर्यंत गट निघून जातो. खायचं ते घड्याळाकडे पाहून, पहिल्या तासापासून. दमट हवेत पाण्याबरोबर मीठही लागतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

चाक पंक्चर झालं तर? सायकलस्वार हात वर करतो, संघाची गाडी मागून येते, मेकॅनिक चाक किंवा अख्खी सायकल बदलतो. काही सेकंदांचं काम आहे. खरी अडचण गाडी किती मागे आहे ही असते. गाड्यांची रांग ठरवून दिलेल्या क्रमाने चालते आणि विसाव्या क्रमांकाच्या गाडीला पुढे यायला वेळ लागतो. परतताना आपल्या गाड्यांच्या आडोशाने घोळक्यापर्यंत येण्याकडे पंच थोडाफार काणाडोळा करतात. गाडीला धरून ओढून नेलं तर बाद.

पंक्चर कधी होतं यावर सगळं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बेल्जियमच्या रेम्को एवेनपूलचं चाक शेवटून चार किलोमीटरच्या आत पंक्चर झालं. तो अक्षरशः ओरडून गाडीकडून सायकल मागत होता. मिनिटाहून अधिक आघाडी हाताशी होती म्हणून सोनं वाचलं. टप्प्यांच्या शर्यतींत शेवटच्या काही किलोमीटरांत असा अपघात झाला तर सपाट टप्प्यांवर वेळेची माफी मिळते. एकदिवसीय शर्यतीत अशी माफी नाही.

आता खोपोली. माझ्या मते या मार्गावरचा सर्वांत पाहण्यासारखा भाग घाट नव्हे, घाटाआधीचे पाच किलोमीटर.

टीव्हीवर घोळका एकदम ताणला जातो, वेग वाढतो, सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पुढे घुसतात, आणि अजून चढ आलेलाही नसतो. विरारहून गच्च भरून आलेल्या लोकलमधून दादरला उतरायचं असेल तर वांद्र्यापासूनच दाराकडे सरकावं लागतं, तसंच हे आहे. चढ सुरू झाल्यावर पुढे जायचं म्हणणारा मागेच अडकतो. त्याच्या पुढे शंभर माणसं असतात, त्यातली निम्मी मंदावणारी, आणि प्रत्येकाला वळसा घालताना ताकद जाते. म्हणून साथीदार आपल्या नायकाला चढाच्या पायथ्याशी पहिल्या दहांत आणून सोडतात. तिथे त्यांचं दिवसाचं काम संपतं. कॅमेरा त्यांना सोडून देतो, पण आपण एकदा मागे वळून पाहावं: ते पाय सोडून, मान टाकून सावकाश चढत असतात.

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर आणि लोणावळा ६०० मीटरच्या पुढे. यातली बहुतेक उंची बोरघाटाच्या दहा-बारा किलोमीटरांत चढायची असते. चढावर वेग कमी होतो, म्हणून आडोशाचा फायदाही कमी होतो. आता मोजलं जातं ते वजनाच्या मानाने पायात किती ताकद आहे हे. शिंग्रोबाच्या देवळाच्या वळणांवर हलक्या अंगाचा माणूस हल्ला करतो, म्हणजे अचानक वेग वाढवून फट पाडतो. भरदार बांध्याचे वेगवान सायकलपटू इथे मागे पडतात. जो माथ्यावर पहिला पोहोचला तो घाटाचा राजा.

पण लोणावळ्यानंतर पुणे साठ-पासष्ट किलोमीटर राहिलेलं असतं, आणि पुढचा रस्ता मोठ्या चढाचा नाही. कामशेत, वडगाव, देहूरोड, निगडी. एकटा घाटवीर पुढे, मागे पंधरा जणांचा गट. तो एकटा वारा कापतो, ते आळीपाळीने कापतात. मिनिटाची आघाडी किलोमीटरला काही सेकंद या हिशेबाने विरघळते. मिलान–सान रेमोमध्ये पोजियो हा शेवटचा छोटा चढ संपतो तेव्हा रेषा साडेपाच किलोमीटरवर असते, त्यामुळे तिथे माथ्यावर मिळालेले दहा सेकंदही पुरतात. बोरघाट किती कठीण आहे यापेक्षा तो रेषेपासून किती लांब आहे, याने मुंबई–पुणे शर्यतीचा निकाल ठरतो. कुठल्याही शर्यतीचा नकाशा हाती आला की आपण आधी शेवटचा चढ शोधावा आणि त्यापुढचं अंतर पाहावं.

तरीही घाटवीराला संधी असते, आणि ती मागच्यांच्या स्वभावातून येते. पाठलाग करणाऱ्या गटात प्रत्येकाला वाटतं की ओढण्याचं काम दुसऱ्याने करावं, आपण पाय राखून ठेवावेत. ज्याचा साथीदार पुढे निसटला आहे तो तर मुळीच ओढणार नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि पुढचा निघून जातो. दुसऱ्या क्रमांकाला फारशी किंमत नसल्याने, हरलो तर सगळेच हरू, असा जुगार ते खेळतात. पहिली महिला पॅरिस–रूबे २०२१ मध्ये ब्रिटनच्या लिझी डायग्ननने ८० किलोमीटरहून जास्त अंतर एकटीने पळून जिंकली. तिची ताकद होतीच, पण मागे एकमत झालं नाही हेही तितकंच खरं.

गट एकत्र पोहोचलाच तर शेवटचा एक किलोमीटर लाल कमानीने सुरू होतो. वेगवान सायकलपटूचे साथीदार एकामागे एक रांग करून त्याला आडोशात पुढे नेतात. एकेक जण पूर्ण ताकद लावून बाजूला होतो आणि रेषेपासून दोनशे मीटरवर त्याला उघड्यावर सोडतो. तिथून दहा-बारा सेकंदांचा खेळ. फार लवकर निघालं तर वारा खावा लागतो, फार उशिरा निघालं तर रस्ता मिळत नाही.

रेषा ओलांडेपर्यंत हात हँडलवर हवेत, हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. २००४ च्या मिलान–सान रेमोमध्ये जर्मनीच्या एरिक त्साबेलने हात उंचावले आणि स्पेनच्या ऑस्कर फ्रेइरेने खालून चाक पुढे सारलं. २०२० च्या लिएज–बास्तोन–लिएजमध्ये आठवड्यापूर्वीच जगज्जेता झालेला ज्युलियन अलाफिलिप तसाच फसला आणि प्रिमोझ रोग्लिच जिंकला. त्या दिवशी अलाफिलिपला दुसरा क्रमांकही मिळाला नाही. धावताना रेषा सोडून दुसऱ्यांच्या आड आल्याबद्दल पंचांनी त्याला पाचवा केलं.

अशा वेळी निकाल डोळ्यांनी ठरत नाही. रेषेवरचा कॅमेरा सेकंदाला हजारो चित्रं घेतो आणि पुढच्या चाकाचा टायर रेषेच्या कडेला कधी शिवला ते पाहिलं जातं. सायकलीवरची इलेक्ट्रॉनिक चिप बाकीच्यांची वेळ नोंदवते. विजेता पुष्पगुच्छ घेतो, मग उत्तेजकांच्या चाचणीसाठी लघवीचा नमुना देतो. चिठ्ठीने किंवा आधी ठरवून निवडलेल्या आणखी काही जणांनाही बोलावणं येतं.

आपण अशी शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणार असाल, मुंबई–पुणे असो वा दुसरी कुठली, तर खोपोलीजवळ घाटाच्या पायथ्याशी जागा धरा. कोण पुढे आहे, कोण आडोशात लपलाय, कुणाच्या भोवती साथीदार आहेत, हे तिथे एका नजरेत दिसतं. मोबाइल पुढे करून रस्त्यात वाकू नका. २०२१ च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी एका प्रेक्षक बाईने कॅमेऱ्याकडे पाहत फलक पुढे धरला आणि क्षणात निम्मा घोळका रस्त्यावर पडला. लहान मुलांचा हात धरून ठेवा. पहिला घोळका गेला म्हणून लगेच रस्ता ओलांडू नका, मागे पडलेले सायकलस्वार आणि संघांच्या गाड्या बराच वेळ येत राहतात. सर्वांत शेवटी, दमून थांबलेल्यांना उचलून घेणारी गाडी येते. ती गेली आणि पोलिसांनी खूण केली, की रस्ता मोकळा झाला असं समजा.